बिनशिट्टीचा कुकर

ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसला. त्या छावणीच्या आगेमागे जी मराठी घराणी इकडे आली, त्यांच्या भाषेत पुढे हिंदी मिसळली, पोशाख पालटला, मुलांची नावेही पालटली. परंतु रविवारच्या मटणाच्या रश्शाचा वास मात्र बोळाबोळांतून अद्याप तसाच दरवळतो. आमच्या शाकाहारी वाचकांची आधीच क्षमा मागून आज त्या रश्शाविषयी चार शब्द लिहीत आहोत. एरवी या सदरातून व्याकरण, शाळा आणि सणवार यांविषयी लिहिणाऱ्या आम्हांस स्वयंपाकघरात शिरण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार नव्हता, प्रसंग आला.

गेल्या वर्षी आषाढाच्या आरंभी सौ. ओल्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये. पोळ्यांना बाई मिळाल्या, परंतु मटण शिजविण्यास त्या तयार होईनात. बंगळूरला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी ही वार्ता ऐकताच विजेवर चालणारा प्रेशर कुकर पाठवून दिला आणि दूरध्वनीवरून सांगितले, “बाबा, काही करायचं नाही. सगळं आत घाला, बटण दाबा आणि पेपर वाचत बसा.”

या सगळ्यामागे एक गोष्ट होती, ती घरात कोणी बोलून दाखवीत नसे. आमच्या मातोश्री शहाऐंशी वर्षांच्या आहेत. कल्हईच्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून, तेच गरम झालेले पाणी थोडेथोडे आत सोडीत त्यांनी या घरात पन्नास वर्षे मटण शिजविले. परंतु दात गेले, कवळी हिरड्यांना बसेना, आणि दोन वर्षांपासून त्या केवळ वाटीभर अळणी घेऊन पानावरून उठत. “मला आता नको वाटतं,” असे म्हणत. नको वाटत नव्हते, चावत नव्हते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

तेव्हा आषाढातल्या एका रविवारी आम्ही पिशवी घेऊन निघालो. खाटकाने डोळ्यांदेखत कापून दिलेले एक किलो ताजे मटण आणले, तासाभरात फोडणीस टाकले, पंधरा मिनिटे लावून बटण दाबले. घंटी वाजताच वाफेची कळ फिरवली. वाफ छतापर्यंत गेली, झाकण उघडले. मटण शिजले होते, पण दाताखाली रबरासारखे. मातोश्रींनी एक तुकडा तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि पदराआड काढून ठेवला. पुढल्या रविवारी आम्ही चिडून पूर्ण एक तास लावला. या खेपेस हाडे सुटून आली, मांसाच्या दोऱ्या झाल्या. मऊ म्हणावे तर मऊ, पण सुतळीसारखे कोरडे. त्याही दिवशी मातोश्रींनी अळणीच घेतली. पाठोपाठ श्रावण लागला आणि आमचे प्रयोग थांबले.

सक्तीच्या या सुटीत आम्ही थोडे वाचन केले. दाबाखाली अन्न शिजविण्याची कल्पना १६७९ सालची. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे भांडे ठेवले. त्याचा हेतू हाडेदेखील मऊ करण्याचा होता, आणि भांडे फुटू नये म्हणून वाफेला वाट देणारी झडपही त्यानेच योजिली. तत्त्व साधे आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांपुढे तापत नाही. दाबाखाली मात्र ते न उकळता अधिक तापते. आपल्या चुलीवरच्या कुकरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जादा दाब असतो आणि आतले तपमान १२० अंशांच्या आसपास जाते. विजेच्या बहुतेक कुकरांत दाब याहून काहीसा कमी असतो. म्हणून तीच वस्तू शिजण्यास त्यात थोडी अधिक मिनिटे लागतात.

आता मटण मऊ होते म्हणजे काय होते? मांसाचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारी चिवट आवरणे, अशा त्यात दोन गोष्टी असतात. उष्णतेने तंतू आवळतात आणि आपले पाणी सोडतात; आवरणे मात्र ओलसर उष्णतेत हळूहळू विरघळून बोटांना चिकटणारा सरसासारखा रस होतात. आवरणे विरघळावीत, पण तंतू पिळून कोरडे होऊ नयेत, एवढ्या दोहोंमधल्या अरुंद वाटेवर मऊ मटण असते. आमचा पहिला रविवार त्या वाटेच्या अलीकडे राहिला, दुसरा पलीकडे गेला. मानेत, खांद्यात, पायांच्या नळ्यांत ही आवरणे अधिक, म्हणून कुकरात तेच भाग उत्तम. नुसती मांडी घेतली तर ती लवकर कोरडी पडते.

उरलेल्या दोन चुका मातोश्रींनी सांगितल्या, पुस्तकाने नव्हे. दिवाळीनंतर एके संध्याकाळी त्या म्हणाल्या, “अरे, तू कापल्याबरोबर आणतोस आणि दुपारी शिजवतोस. आमच्या वेळी थंडीत बकरा आदल्या रात्री कापून टांगून ठेवत. अंग आखडलेलं असतं रे त्याचं.” शास्त्रही हेच सांगते. कापल्यानंतर काही तासांत जनावराचे स्नायू ताठरतात आणि थंड जागी एक दिवस राहिले म्हणजे पुन्हा सैल पडतात. रविवारी सकाळी कापलेले मटण दुपारी शिजविणारी आपली घरे नेमकी त्या ताठरपणाच्या वेळीच ते भांड्यात टाकतात.

“आणि दुसरं?” आम्ही विचारले.

“दुसरं म्हणजे, शिजलं की लगेच उघडतोस. मी पातेलं उतरवून वैलावर ठेवत असे, अर्धा तास. तुझी आत्या किती ओरडायची, पानं मांडली म्हणून. मी झाकण काढत नसे.”

याचेही कारण आम्हांस पुढे उमगले. कळ फिरवून दाब एकाएकी काढला की आतला रस्सा खळखळून उकळतो, आणि मांसातले पाणीही वाफ होऊन निघून जाते. कुकर आपोआप निवू दिला, तर तंतूंतला ओलावा बऱ्याच अंशी आत राहतो. चुलीवरचा कुकर आपण शिट्ट्यांवर मोजतो. पण शिट्टी हे काही वेळेचे माप नव्हे. आच मोठी असेल तर चार शिट्ट्या सहा मिनिटांत होतील, लहान असेल तर वीस मिनिटांत. विजेचा कुकर शिट्टी देत नाही; दाब भरल्यावर मिनिटे मोजतो. मात्र त्याची घंटी वाजली म्हणजे मटण झाले, असे नव्हे. आमच्या शाळेतही घंटा झाल्याने तास संपतो. मुलांना उमजलेले असतेच असे नाही.

कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावरच्या रविवारी आम्ही पुन्हा खाटकाकडे गेलो आणि आदल्या दिवशीचे, त्याच्या शीतपेटीत राहिलेले मटण मागितले. तो चकित झाला. “माट्साब, लोग तो ताज़ा माँगते हैं!” आम्ही मान व खांद्याचे एक किलो, सोबत दोन नळ्या, असे घेऊन आलो.

पुढची कृती, ज्यांना करावयाची असेल त्यांच्यासाठी, जशी केली तशी लिहितो. मटणास मीठ, हळद, आले-लसूण आणि दोन चमचे दही लावून दोन तास थंड जागी ठेवले. कुकराच्या भांड्यातच तेलावर कांदा परतून त्यावर मटण परतले. सुमारे ३०० मिलिलिटर गरम पाणी घालून तळाला चिकटलेले सारे उलथन्याने सोडवून घेतले. तळाशी काही करपू लागले तर यंत्र मध्येच थांबते. याच कारणाने भाजलेल्या खोबऱ्याचे दाट वाटण आत घातले नाही. भांडे दोनतृतीयांशाहून अधिक भरले नाही. झाकण लावून मोठ्या दाबावर अठ्ठावीस मिनिटे लावली. जून बकऱ्यास पस्तीस लागतील. दाब भरण्यास आधी बारा मिनिटे गेली होती. घंटी झाल्यावर मग वीस मिनिटे हात लावला नाही. सुरक्षेची खुंटी आपणहून खाली बसली, तेव्हाच झाकण काढले. ती वर असता झाकणाशी जोर करणे धोक्याचे. मातोश्रींची अळणी बाजूस काढून मग वाटण आणि तिखट घातले आणि दहा मिनिटे उघड्यावर उकळले.

हिशेब केला तर सव्वा तास झाला. चुलीवरच्या कुकराहून वेळ वाचला असे म्हणवत नाही. वाचली ती राखण. त्या सव्वा तासात प्लास्टर निघाले तरी हात अजून दुखत असलेल्या सौ. ना एकदाही उठून आच पाहावी लागली नाही, आणि आम्ही चिरंजीवांच्या सल्ल्याप्रमाणे खरोखरच पेपर वाचला.

पाने मांडली. मातोश्रींच्या पानात नेहमीप्रमाणे अळणीची वाटी होती, सौ. नी डाव्या हाताने तीत मानेचे दोन लहान तुकडे सोडले. आम्ही कोणीच तिकडे पाहत नाही, असे दाखवीत होतो. त्यांनी तुकडा बोटांनी दाबला, तो दबला. तोंडात घातला, जिभेने टाळूशी धरला, डोळे मिटले. मग दुसरा घेतला. मग भाकरी मागितली, आणि ती रश्शात कुस्करून वर नळी मागितली. जेवण होईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

आंचवून आल्यावर मात्र म्हणाल्या, “मीठ जरा कमी झालं. आणि खोबरं अजून खमंग भाजायला हवं होतं.”

सौ. आमच्याकडे पाहून हसल्या. दोन वर्षांत मातोश्रींनी या घरातल्या मटणाला एकदाही नाव ठेवले नव्हते. पुढच्या रविवारी खोबरे आम्ही त्यांच्यासमोर बसून भाजणार आहोत.