विश्लेषण : जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करायची? आधी आरसी पाहा, मग टाकी!

परभणी जिल्ह्यात जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडच्या खेड्यांत वाड्याच्या ढाळजेत किंवा गोठ्याच्या कडेला एखादी राजदूत, येझदी, आरएक्स १०० आजही धूळ खात उभी दिसते. ‘वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणू’ म्हणत मुलगा ती थेट मेकॅनिककडे नेतो. टाकी रंगते, इंजिन बोअर होते, हजारो रुपये जातात. आणि मग कळते की गाडीला कागदच नाहीत. निवडीची सुरुवात गॅरेजमधून नव्हे, आरटीओतून व्हायला हवी.

‘व्हिंटेज’ कोणती?

बोलण्यात कोणतीही जुनी गाडी व्हिंटेज ठरते, कायद्यात नाही. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज. तिला ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५ हजार रुपये. मात्र ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते.

आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली. म्हणजे तिची पहिली गाडीही २०३५ आधी व्हिंटेज ठरणार नाही. शेतावर नि बाजाराला जायला गाडी हवी असेल, तर नेहमीचे नूतनीकरण हाच मार्ग.

कागदांत काय पाहावे?

नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते. सोबत राज्याचा हरित कर. एप्रिल २०२२ पासून उशीर झाल्यास दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा बसतात. मूळ मालक वारला असेल, तर वारसाने तीन महिन्यांत नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. अनेक घरांत तो वर्षानुवर्षे राहून जातो. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे तिकडच्या जुन्या गाड्यांवरही ‘एमएच २२’च दिसतो. विकत घेताना आरसीवरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला क्रमांक दिसला, तर गाडी फुकट मिळाली तरी नको.

मग निवडावी कोणती?

बुलेटचे उत्पादन कधी थांबलेच नाही, त्यामुळे तिचे सुटे भाग शोधणे सोपे. आरएक्स १०० आणि येझदी १९९६ मध्ये बंद पडल्या. आरएक्सला चाहते फार, म्हणून किंमत चढी आणि बनावट भागांचा सुळसुळाटही. राजदूतला तेवढा भाव नाही. पण दूधवाल्यांचे कॅन वाहिलेले तिचे साधे टू-स्ट्रोक इंजिन खोलणारे हात तालुक्याच्या गावी अजून सापडतात. ते मिस्त्री थकण्याआधी गाडी त्यांच्याकडे गेलेली बरी.

सार काय?

आधी कागद, मग चेसिस, मग सुटे भाग आणि शेवटी आवड. हा क्रम मनाला पटत नाही, पण खिसा वाचवतो. दुसऱ्याची दुर्मीळ गाडी महागात घेण्यापेक्षा घरची, कागद जुळणारी राजदूत उभी करणे शहाणपणाचे. तिची किंमत बाजार ठरवत नाही; तिच्या टाकीवर बसून शाळेत गेलेली पोरे ठरवतात.