फेरीवाला म्हणा, पण हिशेब नीट मांडा

मा. संपादक,


‘लेखक की फेरीवाले?’ हा आपल्या अंकातला लेख वाचला. स्वखर्चाने पुस्तक काढणारे ‘पैसे देऊन आयएसबीएन मिळवतात’, हे विधान चूक आहे. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था हा क्रमांक विनामूल्य देते.

स्वतःच्या पुस्तकासाठी दारोदार फिरणे ही ‘फेसबुकी पिढीची देणगी’ असल्याचेही लेखाचे लेखक म्हणतात. पण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, गावोगाव हिंडून भागधारक आणि वर्गणीदार मिळवले, तेव्हा २३ खंड उभे राहिले. त्या काळी एसटीही नव्हती.

माझे पुस्तक वडिलांच्या वीटभट्टीवर आहे. ५०० प्रती छापल्या. वितरकाने निम्मे कमिशन मागितले, तेही उधारीवर. मग भट्टी कशी रचतात ते सांगणारे एक पान रोज फेसबुकवर टाकू लागलो. आठव्या दिवशी गडहिंग्लजच्या एका भट्टीवाल्याने सात प्रतींचे पैसे फोनवरून पाठवले, कामगारांना वाचून दाखवायला. आजवर ३४० प्रती गेल्या. प्रत्येक पाकिटावर पत्ता मी हाताने लिहिला आहे. असा वाचक कुठल्या दुकानात शोधायचा होता?

पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहून घेणे वाईटच, लेखातले तेवढे मान्य. मात्र त्यासाठी सगळ्यांना एकाच माळेत ओवू नये. आयएसबीएनबाबतची चूक पुढील अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

– एक वाचक, मिरज