प्रवेश किती आणि पदव्या किती ?

दरवर्षीं जून-जुलै महिना उजाडला कीं आमच्या शहरांतील व तालुक्याच्या गांवांतील महाविद्यालयांच्या दारांवर मोठमोठे फलक झळकूं लागतात. ‘पदवी परीक्षेचा निकाल शेंकडा ९०’ असें त्यांवर लिहिलेलें असतें, आणि तें वाचून पालकांस धन्यता वाटते. वकिलीच्या धंद्यांत पुष्कळ वर्षें घालविल्यामुळें कोणताही आंकडा पुढें आला कीं त्याचा उलटतपास घेण्याची आम्हांस खोड जडली आहे. म्हणून या फलकांस आम्ही एकच प्रश्न विचारतों : हे ९० कोणांपैकीं ? परीक्षेस बसलेल्यांपैकीं, कीं तीन वर्षांपूर्वीं प्रवेश घेतलेल्यांपैकीं ?

प्रश्न क्षुल्लक नव्हे. समजा, १०० मुलें पहिल्या वर्षाच्या वर्गांत दाखल झालीं. त्यांतलीं ४० वाटेंतच गळालीं, ६० शेवटच्या परीक्षेपर्यंत पोंचलीं, आणि त्यांपैकीं ५४ उत्तीर्ण झालीं. फलकावरील ९० हा आंकडा अक्षरशः खरा. परंतु १०० घरांच्या हिशेबांत पदवी आली ती ५४ घरांतच. उरलेल्या ४६ जणांचें काय झालें, हें कोणत्याही फलकावर सांपडावयाचें नाहीं. ज्यांची साक्ष सर्वांत महत्त्वाची, ते साक्षीदार कोर्टांत बोलावलेच नाहींत, आणि निकाल मात्र संस्थेसारखा लागला, असा हा प्रकार आहे.

सरकारी मोजणींतही हीच उणीव दिसते. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीप्रमाणें २०२१-२२ सालीं देशांत सुमारें ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते, व १८ ते २३ वर्षांच्या तरुणांच्या मानानें हें प्रमाण शेंकडा २८.४ पडत होतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तें २०३५ पर्यंत शेंकडा ५० वर नेण्याचें ठरविलें आहे. हेतु स्तुत्य आहे. परंतु पटावर किती व उत्तीर्ण किती, हें या पाहणींतून वर्षावर्षानें कळलें तरी, एका वर्षीं दाखल झालेल्या तुकडीचा पहिल्या दिवसापासून पदवीपर्यंत माग त्यांत काढलेला नसतो. घागरींत किती पाणी ओतलें याचीच आम्ही नोंद ठेवितों. घागर कोठें गळते, हें पाहत नाहीं.

‘जीं गळतात तीं मुलें आळशी,’ असें म्हणून पुष्कळ लोक मोकळे होतात. हा आरोपीचें म्हणणें न ऐकतां दिलेला निकाल होय. पाऊस हुकला म्हणजे बापास हातभार लावावयास शेतकऱ्याचा मुलगा घरीं परततो. शिष्यवृत्ति मंजूर होते, पण पैसे हातीं येईपर्यंत वर्ष संपलेलें असतें; खाणावळवाला मात्र वर्षभर थांबत नाहीं. खेड्याची शेवटची एस्. टी. तास संपण्यापूर्वींच सुटते, आणि मुलगी संध्याकाळीं कशी परतेल या चिंतेनें घरचीं माणसें तिचें नांव काढून घेतात व लग्न ठरवितात. अध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर नेमलेल्या गृहस्थास आपल्याच भाकरीची भ्रांत असते, आणि पहिल्याच सत्रांत दोन-तीन विषय राहिलेल्या मुलास ‘बाबा रे, पुढें काय करणार आहेस ?’ असें विचारणारा कोणीहि भेटत नाहीं. मुलगा एक दिवस येईनासा होतो. त्याच्या जाण्याची महाविद्यालयास खबरही नसते.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. न्यू यॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठानें २००७ सालीं आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत एक योजना सुरू केली. विद्यार्थ्यानें पूर्ण वेळ शिकावें व सल्लागारास नियमानें भेटावें, ही अट. त्याबदल्यांत शिष्यवृत्ति जाऊन उरलेली फी माफ, पुस्तकांस मदत, आगगाडी व बसचा मासिक पास, आणि ६० ते ८० विद्यार्थ्यांमागें एक सल्लागार. इतर विद्यार्थ्यांच्या बाबतींत एका सल्लागारामागें ६०० हून अधिक विद्यार्थी असत. पुढें ८९६ गरीब विद्यार्थ्यांचे सोडतीनें दोन गट पाडून या योजनेची परीक्षा घेण्यांत आली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, तीन वर्षांत योजनेंतील शेंकडा ४० विद्यार्थ्यांस पदवी मिळाली, तर बाहेरच्या गटांतील शेंकडा २२ विद्यार्थ्यांस. ओहायो संस्थानांतील तीन महाविद्यालयांत हाच प्रयोग झाला, तेथें हे आंकडे शेंकडा ३५ व १९ असे आले.

येथें दोन आक्षेप निघतील. पहिला, यानें पदवीची किंमत उतरेल. परंतु तेथें परीक्षा सोपी केली नव्हती. परीक्षेपर्यंतची वाट सोपी केली होती. दुसरा आक्षेप पैशाचा. दर विद्यार्थ्यामागें खर्च शेंकडा ६३ नें वाढला हें खरें. पण पदव्या इतक्या वाढल्या कीं दर पदवीमागचा खर्च उलट कमी झाला. अर्ध्या वाटेंत सोडून दिलेल्या मुलावर खर्चिलेला पैसा हाच खरा उधळलेला पैसा होय.

आणि हें तत्त्व साता समुद्रांपलीकडून आणावयास हवें असेंही नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहांस आश्रय दिला, तो मुलास राहण्याजेवण्याची सोय असल्याखेरीज विद्या टिकत नाहीं, हें ओळखूनच. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली व १९४७ सालीं साताऱ्यास ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर महाविद्यालय उघडलें. मूळ आमचें असतां आम्हींच तें विसरावें, याची आम्हांस लाज वाटली पाहिजे.

नव्या धोरणांत एका वर्षानें प्रमाणपत्र व दोन वर्षांनीं पदविका घेऊन बाहेर पडण्याची व पुन्हां परतण्याची मुभा आहे. श्रीमंताच्या मुलास ती सोय होईल. गरिबाच्या मुलास दार एकदां मागें लागलें कीं तें फिरून क्वचितच उघडतें. गळतीस प्रमाणपत्राचा अंगरखा चढविला म्हणजे गळती थांबली, असें कोणीं समजूं नये.

आमचें मागणें थोडक्यांत असें. प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठानें व अनुदानित महाविद्यालयानें, दाखल झालेल्यांपैकीं किती जणांनीं मुदतींत पदवी घेतली, हा आंकडा दरवर्षीं जाहीर करावा. मुलगे, मुली व निरनिराळे समाज यांचा तपशील त्यांत असावा. शिष्यवृत्ति दर महिन्यास विद्यार्थ्याच्या हातीं पडावी. रिकाम्या जागा कायमच्या भराव्या. प्रत्येक मुलामागें त्याचें नांव व घर ओळखणारा एक अध्यापक नेमावा, व त्या कामाचे तास त्याच्या कामांत धरावे. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांत शिक्षणाच्या हक्काची परिणामकारक तजवीज राज्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें करावी, असें म्हटलें आहे. नुसतें दार उघडणें ही परिणामकारक तजवीज नव्हे. महाविद्यालयांनीं पुढच्या जूनमध्यें फलक अवश्य लावावे. पण त्यांवर १०० पैकीं किती, हें लिहावें, आणि उरलेले कोठें गेले तेंही सांगावें.