सरासरीत लपलेले सत्य : युरेनियम, एक्स-रे आणि आपले प्रतिनिधित्व



बार्शीत विहारात आम्ही अभ्यासिका चालवतो. बारावी सायन्सच्या एका मुलीने परवा विचारले, "दादा, यू३ओ८ मध्ये युरेनियमचा ऑक्सिडेशन नंबर काढला तर ५.३३ येतो. अणूला असा अपूर्णांकात नंबर असतो का?"

माझे एम.ए. समाजशास्त्रातले. उत्तर मला आले नाही. शोधायला बसलो आणि जे हाती लागले ते फक्त रसायनशास्त्रापुरते राहिले नाही. म्हणून हा लेख.

आधी तिचे उत्तर. आपल्या अणुवीज केंद्रांत इंधन म्हणून मुख्यतः युरेनियम डायऑक्साइडच्या लहान गोळ्या वापरतात. त्या धातूच्या नळीत बंद असतात. नळीला छिद्र पडून तापलेल्या इंधनाला हवा लागली, तर यूओ२ ऑक्सिजन घेत जाते. मधल्या अवस्थांत यू४ओ९ आणि शेवटी यू३ओ८ होते. इथवर येताना आकारमान सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. गोळीची भुकटी होते, नळी आणखी फाटते. म्हणजे युरेनियम ऑक्साइड कोणत्या अवस्थेत आहे, हे कळणे हा थेट सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आता ५.३३. आठ ऑक्सिजनचे सोळा, ते तीन युरेनियमवर वाटले की ५.३३. पण ही सरासरी झाली. एक अणू चारवर आणि दोन सहावर असले तरी बेरीज सोळाच येते. दोन पाचवर आणि एक सहावर असला तरी सोळाच. सरासरी तीच, आतली रचना मात्र पूर्ण वेगळी. नुसता भागाकार करून खरे काय ते कधीच कळणार नाही.

ते कळते एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपीने. ठराविक ऊर्जेचा एक्स-रे अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन शोषून घेतो. ऑक्सिडेशन नंबर बदलला की ही ऊर्जा किंचित सरकते. नेहमीच्या मोजणीत वेगवेगळ्या अणूंच्या खुणा एकमेकांत मिसळतात, त्यामुळे पुन्हा सरासरीसारखेच काहीतरी हाती येते. २०१३ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर अधिक बारीक मोजणी झाली आणि खुणा सुट्या दिसल्या. यू४ओ९ मध्ये चार आणि पाच, यू३ओ८ मध्ये पाच आणि सहा. अनेक वर्षे मांडली जाणारी चार-सहाची जोडी तिथे नव्हतीच.

आपल्याकडेही असे यंत्र आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे एक्स-रे शोषण मोजण्याची सोय उभारली आहे. इंदूरपासून महू जवळच आहे. दर १४ एप्रिलला आपले लोक बाबासाहेबांच्या जन्मभूमीला वंदन करायला तिकडे जातात. इतक्या जवळच्या त्या प्रयोगशाळेत आपली किती मुले पोहोचली?

इथे कायदा वाचावा लागतो. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशाच्या आरक्षणाचा २००६ चा कायदा आणि शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा २०१९ चा कायदा, दोन्हींना एकेक परिशिष्ट आहे. त्या यादीतल्या संस्थांना आरक्षण लागू नाही. यादीत पहिलेच नाव होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचे. तिच्या घटक संस्थांत भाभा केंद्र आहे, इंदूरचे केंद्र आहे आणि मुंबईचे टाटा मेमोरियलही आहे. शिवाय १९७५ च्या आदेशाने संशोधन करणाऱ्या आणि संशोधनाला दिशा देणाऱ्या, गट 'अ'च्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरच्या वैज्ञानिक पदांना आरक्षणातून सूट देण्याची वाट करून ठेवली आहे. भरतीच्या पहिल्या पायरीवर आरक्षण आहे, हे मान्य. पण संशोधनाचा विषय कोण ठरवणार, विद्यार्थी कोण निवडणार, हे वरच्या पायऱ्यांवर ठरते.

प्रश्न विचारला की एकूण टक्केवारी पुढे केली जाते. समजा, एका संस्थेत शंभर कर्मचारी आहेत आणि त्यांत पंधरा अनुसूचित जातींचे आहेत. हे पंधराही जण झाडूकाम आणि मदतनिसाच्या पदांवर असू शकतात किंवा शास्त्रज्ञांपर्यंत सर्व पायऱ्यांवर विभागलेले असू शकतात. दोन्हीकडे आकडा पंधराच! ही आपली ५.३३ आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जर्नैल सिंग प्रकरणात २०२२ मध्ये स्पष्ट केले की पदोन्नतीतील प्रतिनिधित्वाची आकडेवारी संवर्गनिहाय हवी. संपूर्ण सेवेची एकत्र चालणार नाही.

"अणुविज्ञानात गुणवत्तेशी तडजोड नको," असे काही मित्र म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. पण आरक्षणातून आलेला विद्यार्थीही तीच परीक्षा देतो, तोच प्रबंध लिहितो. मग मुभा कशापासून हवी आहे? झारखंडच्या जादुगुड्यात आदिवासींच्या जमिनीखालून युरेनियम काढताना कोणी गुणवत्तेचा दाखला मागितला नव्हता.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी सरकारला निवेदन दिले. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचे भागणार नाही, विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे सांगून त्यासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी त्यांनी शिष्यवृत्त्या मागितल्या. आपण मात्र मुलांना अजून डी.एड. आणि पोलीस भरतीच्या पलीकडचे फारसे सांगत नाही. हा दोष आपलाही आहे. कला शाखेत शिकलेल्या माझ्यासारख्या कार्यकर्त्यांचा तर आहेच.

मोजल्याने काय होते, हे बार्शीकरांना वेगळे सांगायला नको. १९८७ मध्ये इथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तीही टाटा मेमोरियलच्या सहभागाने. हे केंद्र १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. गावोगाव जाऊन एकेक रुग्ण नोंदवला, तेव्हा खेड्यातल्या बायांना गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक ग्रासतो, हे आकड्यांत दिसले. मुंबईच्या आकड्यांवरून खेड्याचा अंदाज बांधला असता तर ते झाकलेलेच राहिले असते. ज्या विभागाला माणूस न् माणूस मोजता येतो, अणू न् अणू ओळखता येतो, त्याला स्वतःच्या घरातली मोजणी अवघड का वाटावी?

म्हणून मागण्या दोनच. अणुऊर्जा विभागाच्या प्रत्येक संस्थेने पदश्रेणीनिहाय, तसेच पीएच.डी. विद्यार्थी आणि मार्गदर्शकांची सामाजिक आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी. आणि दोन्ही कायद्यांतले ते परिशिष्ट संसदेने रद्द करावे. आपल्या खासदारांना हे लेखी विचारा. तोवर कार्यकर्त्यांनी माहितीचा अधिकार वापरावा. अर्ज लिहायला मी मदत करीन.

त्या मुलीला मी उत्तर सांगितले. तिने वहीत दोन पाच आणि एक सहा लिहून बेरीज केली आणि म्हणाली, "मग दादा, हे मशीन बघायला इंदूरला कसं जायचं?"

रेल्वेने जाता येते, बाळा. पण तिथे काम करायला जायचे, तर आधी ते परिशिष्ट हटवावे लागेल.

जय भीम! जय संविधान!