लाडू कोण करणार?

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान’ हा चित्रपट आला आणि जासईच्या आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांनी माझ्यामागे भुणभुण लावली. कार्टूनमधला भीम आता खराखुरा हाडामांसाचा दिसणार होता. शेवटी एका रविवारी आम्ही दोघी कार्यकर्त्या चौदा मुलांना घेऊन गेलो.

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. ‘छोटा भीम’ ही हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीची कार्टून मालिका. २००८ साली ती पोगो वाहिनीवर सुरू झाली. ढोलकपूर नावाच्या राज्यात भीम नावाचा बलवान मुलगा राहतो. लाडू खाल्ला की त्याच्या अंगात आणखी बळ येतं आणि तो दुष्टांना लोळवतो. याच दम्यान राक्षसाच्या गोष्टीवर २०१२ मध्ये कार्टून चित्रपट निघाला होता. तीच गोष्ट राजीव चिलका यांनी २०२४ मध्ये माणसं घेऊन केली. यज्ञ भसीन भीम झाला, आश्रिया मिश्रा चुटकी, तर अनुपम खेर आणि मकरंद देशपांडे मोठ्यांच्या भूमिकांत.

भीमाचे सवंगडी मोजून पाहा. राजू, कालिया, ढोलू, भोलू, जग्गू माकड. मुली दोन : राजकन्या इंदुमती आणि चुटकी. अमेरिकन लेखिका कॅथा पॉलिट यांनी १९९१ मध्येच लिहिलं होतं की, मुलांच्या कार्यक्रमांत मुलग्यांची टोळी असते आणि तिच्यात एखादीच मुलगी. मुलगे नाना स्वभावांचे, आणि मुलगी म्हणजे फक्त ‘मुलगी’. आपल्याकडे त्या एकीच्या हातात लाडवांचं ताटही आलं. चुटकीची आई टुनटुन लाडू विकून दुकान चालवते. भीम तिचे लाडू पळवतो आणि आपण हसतो. कष्टाच्या मालाची चोरी हा विनोद कधी झाला?

२०२० साली भीमानं इंदुमतीशी लग्न केल्याची अफवा पसरली आणि ‘चुटकीला न्याय द्या’ अशी ओरड समाजमाध्यमांवर झाली. ही सगळी पात्रं लहान मुलंच आहेत, लग्न झालेलं नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. त्यात चेष्टा होती, कबूल. पण चेष्टेतसुद्धा चुटकीला मिळायचा न्याय म्हणजे नवरा! इतक्या वर्षांच्या लाडवांचा हिशेब मात्र कुणी मागितला नाही.

चित्रपट पाहून आल्यावर अभ्यासिकेच्या अंगणात भीमाचा खेळ सुरू झाला. तिसऱ्या दिवशी सहावीतली एक मुलगी ठाम उभी राहिली. “ताय, मी नाय चुटकी व्हनार. मी भीम.” थोडी वादावादी झाली, पण मुलगे तयार झाले. पळण्यात ती सगळ्यांच्या पुढे, त्यामुळे हरकत घ्यायला जागाही नव्हती. मला मनातून फार बरं वाटलं. आमच्या किशोरी गटाचं काम कुठेतरी रुजलं, असं वाटलं.

पण खेळ पुढे सरकेना. लाडू आणायला कुणी तयार नव्हतं. एकही मुलगा चुटकी व्हायला राजी होईना, आणि एकदा भीम होता येतं हे कळल्यावर मुलीही मागे सरल्या. शेवटी सगळ्यांत लहान, पाच वर्षांच्या मुलीच्या हातात करवंटी देऊन तिला बसवलं.

त्या रात्री मी बराच वेळ विचार करत होते. मुलींनी शिकावं, मैदानात उतरावं, नोकरी करावी यासाठी आपण झटलो, आणि ते योग्यच होतं. पण ताटाशी बसायला मुलग्यांना आपण किती बोलावलं? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील दर १०० बायकांपैकी ८१ जणी घरचं बिनपगारी काम करताना आढळल्या, पुरुष फक्त २६. जे करतात त्यांच्यातही बाईचे दिवसाला २९९ मिनिटं गेले, पुरुषाची ९७. बाई भीम झाली तरी लाडू तिलाच वळावे लागतात. नाहीतर ते तिच्याहून लहान, तिच्याहून गरीब बाईकडे जातात.

जासईच्या मातीत बळाच्या गोष्टी कमी नाहीत. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उभे राहिले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांची नावं गाव दरवर्षी घेतं, घ्यायलाच हवीत. गटातल्या एका आजींना मी त्या दिवसांविषयी विचारलं. त्यांनी पुरुषांचं सगळं सांगितलं. “आणि तुम्ही?” म्हटलं, तर म्हणाल्या, “आमी भाकऱ्या भाजल्या. त्या काय सांगाच्या?”

हेच तर सांगायचं आहे. लढणाऱ्याच्या पोटातलं बळ कुणाच्या तरी चुलीवरून आलेलं असतं.

आता अभ्यासिकेत नियम केला आहे : खेळातली कामं चिठ्ठ्या टाकून. शिवाय महिन्यातून एकदा शेंगदाण्याचे लाडू, आणि ते सगळ्यांनी वळायचे. दोन मुलगे यायचे बंद झाले. एकाची आई भांडायला आली, “पोराला लाडू वळायला लावता?” ही बाई बचत गटासाठी स्वतः शेकड्यांनी लाडू वळते. तिच्यावर मी रागावू शकले नाही. आपलं काम आपल्यालाच हलकं वाटावं, इतकं ते आपल्या मनात खोल गेलं आहे. तिला पुढच्या वेळी लाडू शिकवायला बोलावलं आहे, मानधन देऊन. येते की नाही, पाहू.

चित्रपट मुलांना दाखवू नका, असं मी म्हणत नाही. जरूर दाखवा. फक्त घरी येताना एक प्रश्न विचारा : भीमाचे लाडू कुणी केले, आणि तिला काय मिळालं? मुलं काय उत्तर देतात, ते आम्हाला लिहून कळवा.