कोर्लईचा किल्ला

आमच्या वाशीमकडील मंडळींचा समुद्राशीं संबंध मिठापुरताच. पश्चिम किनाऱ्यावरील किल्ल्यांचीं नांवें आम्ही वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतलीं. पण किल्ला तेथेंच कां, हें आम्हांस स्वतःस कळलें तें गेल्या माघांत, चिरंजीवांच्या आग्रहानें कोर्लईस गेलों तेव्हां.

कुंडलिका नदी समुद्रास मिळते तेथें उत्तरेस रेवदंडा व दक्षिणेस कोर्लईचा डोंगर. डोंगराची लांबट सोंड थेट समुद्रांत शिरली आहे. ती ज्याच्या हातीं, त्याच्या तोफेखालून गेल्यावांचून चौलच्या बंदरांत गलबत येणें नाहीं. पोर्तुगीजांनीं 1521 मध्यें निजामशहाच्या परवानगीनें रेवदंड्यास कोट बांधण्यास आरंभ केला खरा, पण समोरचा डोंगर परक्याचा राहिला. पुढें बुऱ्हाण निजामशहानें तेथें तटबंदी केली, तेव्हां त्यांचे डोळे उघडले. 1594 मध्यें त्यांनीं ती जिंकली. पळणाऱ्या सैन्याच्या पाठोपाठ ते आंत घुसले आणि वेशींत पडलेल्या हत्तीमुळें दरवाजा लावितां आला नाहीं, असें वर्णन आढळतें. 1580 पासून 1640 पर्यंत पोर्तुगालचें राज्यही स्पेनच्या राजाकडे होतें. तेव्हां कांहीं काळ हा आपला कोंकणांतील दुर्ग स्पेनच्या राजाचा होता असें म्हणावयास हरकत नाहीं!

संभाजी महाराजांनीं 1683 मध्यें चौलवर चाल केली, पण तें हातीं आलें नाहीं. 1739 मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली आणि पुढील वर्षीं तहानें चौल व कोर्लई मराठ्यांकडे आलीं. 1818 नंतर इंग्रज. तोंवर व्यापार मुंबईस गेला होता. बंदरच उरलें नाहीं, मग पहारेकऱ्यास काय काम?

तट पाहून उतरतांना गांवांत एक बाई मुलास हांक मारीत होती. शब्द ओळखीचे वाटेनात, हेल मात्र मराठीचा. चौकशी केली तों कळलें कीं, हे ख्रिस्ती लोक अद्याप पोर्तुगीजांपासून आलेली एक बोली बोलतात. बोलणारे हजाराच्या आंतबाहेर. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं. राज्यकर्ते गेले त्यास पावणेतीनशेंहून अधिक वर्षें झालीं. ज्यांना ते मागें सोडून गेले त्यांच्या घरांत भाषा राहिली. हांक ऐकून मुलानें उत्तर दिलें तें मात्र मराठींत. ओसरीवरील एक वृद्ध म्हणाले, "शाळा मराठी, बाजार मराठी. घरीं बोलतील तितकें बोलतील."

आम्ही संस्कृताचे शिक्षक. अशा सरमिसळीस 'अपभ्रष्ट' म्हणावयाचें आणि मोकळें व्हावयाचें, ही जन्माची संवय. वऱ्हाडी बोलल्याबद्दल एका कुणब्याच्या हुशार मुलास आम्ही वर्गांत उभें केलें होतें. तो पुन्हां उत्तर देण्यास कधींच उठला नाहीं. त्या ओसरीवर तो आठवला.

"तुम्ही या भाषेस काय म्हणतां?" आम्ही विचारलें.

"नो लींग. म्हणजे आमची भाषा."

परततांना नातवानें विचारलें, "आजोबा, 'नो' म्हणजे आमची कसें?" आम्ही त्यास सांगितलें कीं, लॅटिनमध्यें 'नोस्' म्हणजे आम्ही, त्यावरून पोर्तुगीज शब्द आला, आणि आपल्या संस्कृतांतील 'नः' हा त्याचाच भाऊबंद आहे. तो रेवदंड्याच्या पुलापर्यंत 'नः, नो' असें घोकीत बसला.