कवीचा हेतू आणि कवितेतील वक्ता

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची १९८३ मधील ‘गांधी मला भेटला’ ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या बुलेटिनमध्ये जुलै-ऑगस्ट १९९४ च्या अंकात छापली गेली आणि लातूरच्या फौजदारी न्यायालयात जाऊन पोहोचली. तेथून उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आणि पुढे सर्वोच्च न्यायालय असा तिचा प्रवास झाला. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुद्रक व प्रकाशक यांना मुक्त केले. प्रकाशकाने त्यापूर्वीच क्षमा मागितली होती. कवीने मात्र खटल्यास सामोरे जावे, असे ठरले. लेखकाच्या हेतूची चर्चा मराठी समीक्षेत सहसा रोलाँ बार्थच्या नावाने सुरू होते. ती या प्रकरणापासून सुरू झाली असती, तर अधिक फलदायी ठरली असती.

कवितेतील ‘गांधी’ हा एक आवाज असून मूल्यांच्या ऱ्हासावरील तो उपरोध आहे, असा युक्तिवाद न्यायालयापुढे झाला. आदरणीय ऐतिहासिक पुरुषाचे नाव प्रतीक म्हणून घेऊन त्याच्या तोंडी अश्लील शब्द घातले असता समकालीन समाजाच्या मापदंडाची कसोटी अधिक कठोरपणे लावावी लागेल, असे न्यायालयाने म्हटले. तत्कालीन दंडसंहितेच्या कलम २९२ खाली लेखकाचा हेतू हा गुन्ह्याचा घटकच नव्हता. म्हणजे अर्थ ठरवायचा तो समाजाने, आणि उत्तरदायी मात्र कवी. ‘लेखकाचा मृत्यू’ छत्रपती संभाजीनगरपासून लातूरपर्यंतच्या वर्गांत शिकविला जात असताना न्यायालयात लेखक तेवढा जिवंत राहिला! शिक्षेची शक्यता निर्माण झाली तेव्हाच ग्रंथांना खऱ्या अर्थाने लेखक लाभले, हे मिशेल फूकोचे १९६९ मधील निरीक्षण या प्रकरणास तंतोतंत लागू पडते.

मग कवीला साक्षीस बोलावून त्याचा हेतू विचारावा काय? कवींच्या मुलाखतींतील वाक्ये प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात पुरावा म्हणून जोडण्याची रीत पाहता, अनेकांचे उत्तर होकारार्थी असावे. ते स्वीकारता येत नाही. कवीचे मनोगत आणि कृतीतील विवक्षा या भिन्न गोष्टी आहेत. नैयायिकांनी तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा असे मानले. मीमांसकांनी अपौरुषेय वेदाला वक्ता नसतानाही अर्थ असतो असे प्रतिपादन केले. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र मम्मट अधिक उपयोगी पडतो. आर्थी व्यंजनेची कारणे सांगताना तो वक्त्याचे वैशिष्ट्य प्रथम सांगतो, आणि हा वक्ता म्हणजे बहुधा काव्यातील बोलणारे पात्र असते, कवी नव्हे.

उपरोधाचे सर्व बळ या भेदावर अवलंबून आहे. विपरीत लक्षणा ओळखायची तर वाच्यार्थ वक्त्याच्या तात्पर्याशी जुळत नाही, हे आधी जाणवावे लागते. हेतू सर्वस्वी वर्ज्य मानणाऱ्या वाचकाला ‘फार उपकार केलेस’ हे वाक्य आभारप्रदर्शनच वाटेल. परंतु ती विसंगती सापडते ती संहितेतच, शब्दांच्या क्रमात, पुनरुक्तीत, काकूत. गुर्जरांच्या शीर्षकातील ‘मला’ हा शब्द कोणाचा, आणि भेटणारा तो गांधी कोणत्या काळातून उरलेला, हे प्रश्न कवीला न विचारता सोडविता येतात.

रणजित उदेशी खटल्यात मुल्कराज आनंद यांनी लॉरेन्सच्या कादंबरीविषयी साक्ष दिली होती. मराठीच्या एखाद्या प्राध्यापकाला लातूरच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले असते, तर त्याने गुर्जरांच्या मनात काय होते हे सांगण्याचे कारण नव्हते. त्या कवितेत कोण बोलतो, एवढेच त्याला ओळीओळीने दाखवावे लागले असते.